मीठ, साखर आणि १३९ वर्षं

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी शेवटी घालायचं, हे घरोघरी माहीत असतं. आधी घातलं की पाणी सुटतं. का सुटतं? पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी ये-जा करू शकतं, मिठाला मात्र तशी मोकळीक नसते. मग जिकडे विरघळलेले कण जास्त, तिकडे पाणी जातं. पेशीबाहेरचं द्रावण आतल्यापेक्षा तीव्र असेल तर ते हायपरटॉनिक, सौम्य असेल तर हायपोटॉनिक, बरोबरीचं असेल तर आयसोटॉनिक. बारावीपर्यंत बायॉलॉजी घेतलेल्यांना हे दोन मार्कांचं उत्तर आठवेल. पण कॉलऱ्याचा इतिहास वाचायला घेतला आणि कळलं, की हे दोन मार्कांचं गणित हाताशी येईपर्यंत किती माणसं हकनाक गेली.

तर झालं असं. १८३१ साली कॉलरा इंग्लंडात सँडरलंड बंदरात पोचला. विल्यम ओशॉनेसी नावाचा २२ वर्षांचा आयरिश डॉक्टर तिथे गेला, रोग्यांचं रक्त तपासलं आणि म्हणाला, यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, ते परत द्या. सरळ गोष्ट आहे. पण त्या काळी बाकीचे डॉक्टर काय करत होते? आधीच सुकलेल्या रोग्याची शीर कापून उरलंसुरलं रक्त काढत होते! (हाच ओशॉनेसी पुढे कंपनी सरकारच्या नोकरीत भारतात आला. १८५५ साली लोकांसाठी खुली झालेली कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडणारी तारायंत्राची लाईन त्याच्याच देखरेखीखाली टाकली गेली. आपल्या इंडस्ट्रीचा पणजोबाच म्हणा ना :))

ओशॉनेसीचं म्हणणं मनावर घेतलं ते एडिंबरोजवळच्या लीथमधल्या थॉमस लाटाने. मे १८३२ मध्ये मरणाच्या दारात असलेल्या एका म्हातारीच्या शिरेत त्याने मिठाचं पाणी सोडलं. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. बाईंचा आवाज परत आला, चेहऱ्यावर रंग आला, त्या चक्क थट्टामस्करी करू लागल्या. आता नुसती झोप मिळाली की झालं, म्हणाल्या. लाटा निश्चिंत होऊन दुसरीकडे गेला. जुलाब परत सुरू झाले, पुन्हा पाणी द्यायला हवं हे तिथे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि साडेपाच तासांत त्या गेल्या.

हे वाचून मी थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो.

लाटाचं सुरुवातीचं द्रावण आजच्या हिशोबाने रक्ताच्या निम्म्याइतकंही खारट नव्हतं. म्हणजे भलतंच हायपोटॉनिक. अशा द्रावणात लाल पेशी पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. वर निर्जंतुक वगैरे प्रकार तेव्हा नव्हताच. त्यामुळे निकाल कधी चमत्कारासारखे, कधी भयंकर. १८३३ मध्ये लाटा वारला, साथ ओसरली आणि कल्पना बासनात गेली. पुढे १८८०च्या दशकात ह्यूगो द व्हरीसने वनस्पतींच्या पेशींवर आणि हॅम्बर्गरने लाल पेशींवर प्रयोग केले तेव्हा कुठे किती मीठ हे मोजता यायला लागलं. सलाईनच्या बाटलीवरचे ०.९ टक्के त्यातून आले. १९०८च्या सुमारास कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने मुद्दाम हायपरटॉनिक सलाईन वापरून कॉलऱ्याचे मृत्यू निम्म्यावर आणले.

पण सुई, बाटली, डॉक्टर, हॉस्पिटल हे सगळं लागणारच. साधं मिठाचं पाणी तोंडाने का नाही द्यायचं? दिलं होतं. ते आतड्यात शोषलंच जात नाही, सरळ बाहेर पडतं. मेख इथेच होती. १९६०मध्ये रॉबर्ट क्रेनने प्रागच्या एका परिषदेत मांडलं, की आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शिरतात. ऑफिसच्या गेटवर दोघांनी एकदम कार्ड स्वाईप केलं तरच दार उघडावं, तसं. हे दार कॉलऱ्यातही बंद पडत नाही. मीठ आत गेलं की पाणी मागोमाग येतं. कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी १९५३मध्येच मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून १८६ रोगी बरे केल्याचं 'लॅन्सेट'मध्ये छापलं होतं, पण शास्त्रीय तुलना नसल्याने कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९६८मध्ये ढाक्यात नेलिन आणि कॅश यांनी रीतसर सिद्ध केलं.

आणि मग १९७१. बांगलादेशचं युद्ध, बनगावची निर्वासितांची छावणी, कॉलरा. डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाईन संपत आलं. त्यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण पाण्यात कालवून ड्रम भरले आणि नातेवाईकांनाच पाजायला सांगितलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, ते त्यांच्या देखरेखीखाली ३.६ टक्क्यांवर आलं. लाटाच्या म्हातारीपाशी थांबलेली गोष्ट १३९ वर्षांनी इथे पुढे सरकली. महालनबीस ऑक्टोबर २०२२मध्ये गेले. पद्मविभूषण २०२३मध्ये मिळालं, मरणोत्तर. असो.

टॉनिसिटीचं प्रकरण इथेही संपलं नाही. जुन्या ओआरएसची तीव्रता लिटरला ३११ मिलिऑस्मोल होती, रक्ताची साधारण २९०. म्हणजे किंचित जास्तच. २००२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती २४५वर आणली, ग्लुकोज १३.५ ग्रॅमवर आलं, आणि साध्या जुलाबाच्या मुलांना सलाईन लावायची वेळ कमी येऊ लागली. साखर वाढवली की उलटंच होतं. आतड्यातलं द्रावण हायपरटॉनिक होतं आणि शरीरातलं पाणी बाहेर खेचलं जातं, जुलाब वाढतात. म्हणूनच लिटरचं पाकीट एका पेल्यात ढवळू नका, आणि पोट बिघडलेल्या पोराला कोल्ड्रिंक देऊ नका. आपल्याकडे तर भरपूर साखरेची पेयं नावात 'ओआरएस' लावून खुशाल विकली जात होती. एफएसएसएआयने त्याला मनाई केली ती ऑक्टोबर २०२५मध्ये. घरात जुना खोका पडला असेल तर मागच्या बाजूचा साखरेचा आकडा एकदा वाचून बघा.