सांताक्रूझचे दोन स्नॅक बार

जानेवारी १९७७. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर दुय्यम दर्जाचं एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार तीन वर्षांसाठी ठेक्याने द्यायचे होते. अट अशी, की निविदा भरणारा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला, नोंदणीकृत दुय्यम दर्जाचा हॉटेलवाला हवा. २५ जानेवारीला दुपारी बाराच्या आत लखोटे टाकायचे, साडेबाराला ते उघडायचे. सहा आले. सर्वांत चढी बोली महिना ६,६६६ रुपये ६६ पैशांची. पण ती लावणाऱ्यांनी चालवली होती कॅन्टीनं. अटीत न बसूनही ठेका त्यांनाच मिळाला.

कोर्टात गेलेल्या रमणा दयाराम शेट्टींनी तर निविदा भरलीच नव्हती! त्यांचं म्हणणं साधं होतं: अट सैल होणार हे ठाऊक असतं, तर आम्हीही लखोटा टाकला असता.

४ मे १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. भगवतींनी हा मुद्दा उचलून धरला. सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिलाही बांधते. मर्जीतल्यासाठी ती वाकवता येत नाही. आधाराला अमेरिकेतल्या न्या. फ्रँकफर्टर यांचं मत घेतलं, तेही एका बडतर्फ कर्मचाऱ्याच्या खटल्यातलं.

एवढं होऊनही शेट्टी हरले. ठेका एप्रिलमध्ये दिला गेला आणि ते कोर्टात पोचले नोव्हेंबरात. तोवर ठेकेदाराने खर्च करून बसवाबसव केली होती. शिवाय शेट्टींच्या मागे हटवला जाणारा जुना ठेकेदार उभा आहे, हेही न्यायालयाच्या नजरेतून सुटलं नाही. तत्त्व मान्य, ठेका मात्र जागच्या जागी.

पुढे १९९४च्या टाटा सेल्युलर निकालाने हद्द आखली: कोर्ट निर्णयाची रीत तपासेल, निर्णय स्वतः घेणार नाही. छोट्या उद्योगांना खरा हात दिला तो २०१२च्या केंद्रीय खरेदी धोरणाने. समजा, जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीतला एखादा छोटा उत्पादक जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीला माल पुरवायला निघाला. नोंदणी असेल तर त्याला बयाणा रक्कम माफ, निविदेचे कागद फुकट. त्याची बोली सर्वांत कमी बोलीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असली, तरी दर त्या सर्वांत कमी बोलीइतका उतरवून खरेदीतला वाटा मागता येतो. मात्र बांधकामाच्या ठेक्यांना हे धोरण लागू नाही. त्यांच्यासाठी आधार शेट्टींच्या निकालाचाच, आणि मझौलीकरांना उच्च न्यायालय जबलपुरातच आहे; फक्त काम सुरू होण्याआधी तिथे पोचायला हवं.