ईम : स्वतःच वेस बंद करणारं गाव

इंग्लंडच्या डर्बीशरमधलं ईम म्हणजे अगदी कॅलेंडरवरचं गाव. दगडी घरं, दारात फुलं. मीही फोटो काढत सुटलो होतो. पण काही घरांसमोरच्या पाट्या वाचल्या आणि मोबाईल खिशात गेला. त्या घरात प्लेगनं कोण कोण गेलं, त्यांची नावं तिथं आहेत.

सप्टेंबर १६६५. लंडनमध्ये प्लेगचा कहर. तिथून इथल्या शिंप्याकडे कापड आलं, त्यात पिसवा होत्या असं सांगतात. थोड्याच दिवसांत शिंप्याकडचा जॉर्ज विकर्स दगावला.

जून १६६६ मध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा पाद्री थॉमस स्टॅन्ली यांनी गावाला विनवलं, की वेशीबाहेर पाऊल टाकू नका, रोग शेजारी जाऊ देऊ नका. गावानं ऐकलं. बाहेरचे लोक वेशीवर धान्य ठेवायचे, गावकरी दगडाच्या खळग्यात व्हिनेगर ओतून त्यात नाणी टाकायचे.

ऑगस्टमध्ये एलिझाबेथ हॅनकॉकनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातानं पुरली. मॉम्पेसनची बायको कॅथरीनही गेली. त्याची मुलं मात्र वाचली, कारण वेस बंद व्हायच्या आधीच त्यानं त्यांना बाहेर पाठवलं होतं.

त्याग सगळ्या गावाचा, पण किंमत सगळ्यांना सारखी पडली नाही. सुमारे २६० माणसं गेली, आसपासची गावं वाचली.

तिथं गेलात तर चर्च बघून परत फिरू नका. गावाबाहेर, शेतात, हॅनकॉक कुटुंबाच्या सात कबरी आहेत. तिथपर्यंत चालत जाच.