अतिचंचल मुलांचे पालकत्व (एडीएचडी)

अवधान टिकवणे, हालचालींना आणि उतावळेपणाला आवर घालणे ही कामे ज्या मुलांना वयाच्या मानाने फार जड जातात, त्यांना वाढवण्याची रीत आणि त्यासाठी पालकांना मिळणारा आधार. वैद्यकीय भाषेत या अवस्थेला अवधान-अभाव व अतिचंचलता विकार म्हणतात. दवाखान्यात, शाळेत आणि आता घरातही ‘एडीएचडी’ हे नाव रुळले आहे. त्याआधी आपल्याकडे अशा मुलांना नावे नव्हती असे नाही. द्वाड, वळवळ्या, धांदरट, पायाला भिंगरी लागलेला, हुशार आहे पण लक्ष नाही, अशी ती भरपूर होती. ही सारी नावे स्वभावाची होती आणि स्वभावाचा दोष शेवटी आईच्या पदरात पडे. जगभरात साधारण ५ टक्के मुलांमध्ये ही अवस्था आढळते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात असे दोन-तीन विद्यार्थी असणे मुळीच नवलाचे नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३च्या निदानसंहितेत (डीएसएम-५) लक्षणांचे दोन गट आहेत: अवधान-अभावाची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ. कोणत्याही एका गटातली किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली असावीत, त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत आणि ती एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत, अशा अटी आहेत. यांतली शेवटची अट पालकांनी विशेष ध्यानात ठेवावी. मूल फक्त एका शिक्षकाच्या तासाला उधळत असेल, किंवा घरात शांत आणि फक्त शाळेत बेचैन असेल, तर आधी त्या ठिकाणाची चौकशी करायची असते. रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने हे निदान होत नाही. पालकांची मुलाखत, शिक्षकांनी भरलेली प्रश्नावली आणि मुलाची तपासणी यांवरच ते ठरते. ऐकू कमी येणे, झोप अपुरी होणे, चिंता किंवा वाचन-लेखनाची अडचण यांतूनही वरवर तसेच वागणे दिसू शकते, म्हणून त्यांचीही शहानिशा करतात. मुलींचे निदान अनेकदा उशिरा होते. खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, आणि जी त्रास देत नाही तिची तक्रारही घरी येत नाही.

अवधान-अभाव हे नाव थोडे फसवे आहे. तोच मुलगा मोबाइलवरच्या खेळात दोन तास मान वर करत नाही, हे बघून घरचे म्हणतात, ‘मनात आलं की जमतं याला.’ पण खेळात प्रत्येक सेकंदाला काहीतरी घडते, गुण मिळतात, चूक लगेच कळते. गृहपाठाचे फळ मात्र सहामाहीच्या निकालात मिळते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांनी आवर्जून मांडले की हा अज्ञानाचा विकार नाही. ठाऊक असलेली गोष्ट ऐनवेळी करता न येण्याचा आहे. दप्तर रात्री भरावे हे मुलाला तोंडपाठ असते, रात्री ते होत नाही. २००७मध्ये फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत केलेल्या अभ्यासात मेंदूच्या बाह्यकाची जाडी अशा मुलांमध्ये सरासरी साडेदहाव्या वर्षी कमाल पातळीला पोचलेली दिसली. इतर मुलांमध्ये ती साडेसातव्या वर्षीच पोचली होती. वाढीचा क्रम तोच होता, फक्त तो उशिराने घडत होता. दहा वर्षांच्या मुलाकडून सात वर्षांच्या मुलाइतकाच आवर अपेक्षित धरला की घरातली निम्मी भांडणे उद्भवतच नाहीत, असे समुपदेशक सांगतात ते याच अंगाने.

कारणांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत तो सुमारे ७० ते ८० टक्के निघतो. मुदतपूर्व जन्म, जन्मतः कमी वजन, शिशाशी संपर्क हे इतर धोके. लाड, आईची नोकरी किंवा शिस्तीचा अभाव यांनी हा विकार होत नाही. साखरेवरचा आळ मात्र हटता हटत नाही. १९९४मध्ये हूवर आणि मिलिच यांनी ५ ते ७ वर्षांच्या ३५ मुलांवर एक मार्मिक प्रयोग केला. ‘साखर खाल्ली की आमचा मुलगा बेफाम होतो’ असे मानणाऱ्या आया त्यांनी निवडल्या. निम्म्या आयांना मुलाला भरपूर साखर दिल्याचे सांगितले, प्रत्यक्षात एकाही मुलाला साखर दिली नव्हती. त्या आयांना आपली मुले अधिक चंचल वाटली, त्या मुलांना अधिक चिकटून राहिल्या आणि अधिक टोकत राहिल्या. प्रयोग साखरेचा होता, उजेड पडला तो मोठ्यांच्या नजरेवर.

या नजरेला इतिहास आहे. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८मध्येच अवधानाच्या अस्थिरतेचे वर्णन केले होते. १९०२मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचा उल्लेख नैतिक नियंत्रणाचा दोष या शब्दांत आला. बुद्धी चांगली असूनही हे घडते, हे त्यांनी टिपले होते, पण ‘नैतिक’ हा शब्द चिकटला तो चिकटलाच. १९६८च्या अमेरिकन संहितेत भर चंचलतेवर होता. १९८०मध्ये अवधानाला अग्रस्थान मिळाले आणि १९८७मध्ये आजचे नाव आले.

पालकांना उपचारात ओढणारी विचारधारा १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात आकाराला आली. जेराल्ड पॅटरसन आणि त्यांचे सहकारी कुटुंबांच्या घरी जाऊन बसत आणि कोण काय बोलले, त्यावर कोण काय म्हणाले, याची नोंद करत. त्यांना एक फेरा दिसला. आई म्हणते, अभ्यासाला बस. मुलगा कुरकुर करतो. आई आवाज चढवते, मुलगा किंचाळतो. संध्याकाळचे सात वाजलेले, कुकर लावायचाय, शेजारी ऐकतायत. आई सोडून देते. मुलगा गप्प होतो. या क्षणी दोघांनाही बक्षीस मिळालेले असते: मुलाला सुटका, आईला शांतता. उद्या मुलगा कुरकुरीपासून सुरू करत नाही, थेट किंचाळण्यापासून करतो. आणि परवा आईही थेट रट्ट्यापासून. यात वाईट कोणीच नसते. दोघांनाही परिस्थितीने हेच शिकवलेले असते.

कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी त्याच राज्यात पालकांसाठी दोन टप्प्यांची पद्धत बसवली. आधी नाते, मग शिस्त. बार्कले यांचा कार्यक्रम, अमेरिकेतच कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांनी उभारलेला कार्यक्रम, असे पुढचे बरेच कार्यक्रम याच खोडाच्या फांद्या आहेत.

पहिल्या टप्प्यात पालकाने रोज पंधरा-वीस मिनिटे मुलाजवळ बसायचे, खेळ मुलाने निवडायचा, आणि पालकाने काहीही शिकवायचे नाही, विचारायचे नाही, सुधारायचे नाही. फक्त जे चालले आहे ते बोलून दाखवायचे: ‘मोठा ठोकळा खाली लावलास, आता वर पूल येतोय.’ ऐकायला बालिश वाटते. पण मराठी मध्यमवर्गीय पालकाला याहून अवघड काही सांगता येणार नाही. दुसऱ्याच मिनिटाला तोंडून निघते, ‘किती ठोकळे झाले? मोज बघू! सातवर सात?’ खेळाची परीक्षा होते आणि मूल उठून जाते. दिवसभरात ज्याच्या वाट्याला बहुतेक वाक्ये टोकण्याची येतात, त्याला मोठ्या माणसाच्या जवळ बसणे पुन्हा हवेसे वाटावे, एवढाच या मिनिटांचा हेतू. हा पाया नसेल तर केलेल्या कामाला चांदणी आणि चांदण्यांना बक्षीस देणारे पुढचे तक्ते हा नुसता व्यापार होतो.

मग दुसऱ्या टप्प्यात सूचना देण्याची रीत येते. स्वयंपाकघरातून हाक मारून दिलेली सूचना म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मुलाजवळ जायचे, समोरचा टीव्ही किंवा मोबाइल बंद करायचा, नाव घ्यायचे आणि एकच काम सांगायचे. ‘जरा आवरतोस का रे सगळं?’ या वाक्यात दोन अडचणी आहेत: ते प्रश्न आहे, म्हणून त्याला ‘नाही’ हे उत्तर चालते; आणि ‘सगळं’ म्हणजे काय ते मुलाला ठाऊक नसते. ‘गणिताची वही दप्तरात ठेव’ हे पुरेसे. ठेवली की तिथल्या तिथे दाद. ‘दहा मिनिटांत आटप’ यालाही अर्थ नाही, कारण वेळ त्याला जाणवत नाही, दिसावी लागते: वाळूचे घड्याळ, स्वयंपाकघरातला टायमर, दाराच्या आतल्या बाजूला लावलेली डबा, वॉटरबॅग, वही, बूट यांची चित्रे. यादी जिथे काम घडते तिथे हवी. वाढदिवसाला सायकल देण्याच्या बोलीवर वर्षभराचा अभ्यास होत नाही. आज संध्याकाळी वीस मिनिटे बॅडमिंटन, या बोलीवर आजचा होतो. बक्षिसे लवकर शिळी होतात, दोन-तीन आठवड्यांनी बदलावी लागतात. तक्रार करणारे पालक बहुधा इथेच थांबलेले असतात: ‘आठवडाभर तक्ता चालला, मग बंद पडला.’ तक्ता बंदच पडतो, नवा लावायचा असतो.

किरकोळ आगाऊपणाकडे दुर्लक्ष करायला सांगतात, त्याबरोबर एक इशाराही देतात. दुर्लक्ष सुरू केल्यावर ते वागणे आधी वाढते, मग ओसरते. वाढलेल्या टप्प्यावर आजीने गोळी हातात ठेवली की आठवड्याची मेहनत वाया. एकत्र कुटुंबात त्यामुळे आजी-आजोबांनाही एका सत्राला बोलावणे शहाणपणाचे ठरते. मारणे, दुसऱ्या दिवसापर्यंत लांबवलेली शिक्षा आणि मैदानावरचा खेळ बंद करणे, ही तिन्ही टाळायची. शेवटचे तर उलटेच आहे: ज्याला धावायची गरज सर्वांत जास्त, त्याचेच धावणे आपण काढून घेतो.

या प्रशिक्षणाने काय साधते, याबद्दल भाबडेपणा नको. एडमंड सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले. कोणत्या कुटुंबाला उपचार मिळाले हे माहीत नसलेल्या निरीक्षकांची मते तेवढी धरली, तर वर्तनोपचाराने मूळ लक्षणांत पडलेला फरक जवळजवळ नाहीसा झाला. पुढच्याच वर्षी त्याच वर्तुळातल्या अभ्यासात दिसले की पालकांचे वागणे सुधारते आणि मुलाची उद्धट, भांडखोर वर्तणूक कमी होते. म्हणजे मुलाचे लक्ष वाढत नाही, घरातली लढाई कमी होते. ज्यांनी ती लढाई रोज संध्याकाळी लढली आहे, ते याला थोडके म्हणणार नाहीत.

मूळ लक्षणांवर परिणाम औषधांचा होतो. १९३७मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी मुलांना डोकेदुखीवर म्हणून बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. डोकेदुखी राहिली बाजूला, मुलांचा अभ्यास सुधारला. मिथाइलफेनिडेट हे आजचे मुख्य औषध १९४४मध्ये सीबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन यांनी तयार केले. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७९ मुलांच्या अमेरिकन चाचणीत १४ महिन्यांनंतर नीट देखरेखीखालचे औषध केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. दोन्ही एकत्र दिलेल्या मुलांना मात्र औषधाची मात्रा कमी पुरली. तीन वर्षांनी गटांतला फरक मिटला होता. वय लहान असेल तर आधी पालक प्रशिक्षण, हे ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडच्या मार्गदर्शिका सांगतात: ब्रिटनमध्ये ही रेघ पाच वर्षांवर, अमेरिकेत सहावर. भूक मंदावणे आणि झोप लांबणे हे नेहमीचे दुष्परिणाम. वजन-उंची नोंदवत राहावी लागते. भारतात मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या परिशिष्ट ‘एक्स’मध्ये येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत औषधविक्रेता दोन वर्षे ठेवतो. त्यामुळे ते प्रत्येक दुकानात मिळत नाही आणि तालुक्याच्या गावातल्या पालकाला महिन्याच्या गोळ्यांसाठी जिल्ह्याला खेप घालावी लागू शकते.

कायद्याचा आधार अपुरा आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अनेक मुलांत अध्ययन अक्षमताही असते, त्यांना अध्ययन अक्षमतेच्या दाखल्याचा उपयोग होतो. नुसती एडीएचडी असलेल्या मुलाचे बरेचसे शाळेच्या समजूतदारपणावर अवलंबून राहते: पहिल्या बाकावर जागा, फळा पुसण्याचे किंवा हजेरीपट कार्यालयात पोचवण्याचे काम, मोठा गृहपाठ तुकड्यांत, आणि डायरीत लाल शेऱ्याऐवजी रोज दोन-तीन ठरलेल्या गोष्टींपुढे खूण. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे, हे पालकांनी शाळेत जाताना माहीत असू द्यावे. मात्र बोलणे त्या कलमापासून सुरू करू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत अशी मुले हेरून त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग आणि ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक हेही दरवाजे उघडे आहेत.

पौगंडावस्थेत पळापळ कमी होते, विसराळूपणा आणि उतावळेपणा उरतो. तक्ता लावून घ्यायला मुले तयार नसतात. नियम सांगण्याऐवजी मिळून ठरवावे लागतात, आणि दुचाकीची किल्ली हातात देताना नेहमीपेक्षा सावध राहावे लागते, कारण अशा तरुणांत अपघातांचे प्रमाण जास्त आढळते. बऱ्याच जणांमध्ये ही अवस्था प्रौढपणीही टिकते. त्यातूनच दवाखान्यातला एक नेहमीचा प्रसंग घडतो. ‘मीही असाच होतो, झालोच ना मोठा?’ असे म्हणत आलेला बाप मुलाची प्रश्नावली भरताना मध्येच थबकतो. आनुवंशिकतेचा वाटा बघता हे वाक्य तज्ज्ञ तक्रार म्हणून ऐकत नाहीत, माहिती म्हणून लिहून घेतात. पालकालाच हा विकार असेल तर तक्ते आणि वेळापत्रके चालवणे त्याला दुप्पट अवघड जाते, म्हणून त्याचीही तपासणी सुचवतात. प्रौढाच्या निदानालाही बाराव्या वर्षाआधीचा पुरावा लागतो. तेव्हा आजीने ट्रंकेत जपून ठेवलेली जुनी प्रगतिपुस्तके कामी येतात, आणि त्यांतले वर्गशिक्षकांचे शेरे पुष्कळदा नातवाच्या डायरीतल्या शेऱ्यांशी शब्दशः जुळतात.