मळसूत्रांचा तह

'अडीच सुती' आणि 'आठ मिलिमीटरचा' असे दोन बोल्ट शेजारीं ठेवले, तर नजरेला फरक कळत नाहीं. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. तेव्हां अडीच सूत म्हणजे सुमारें ७.९४ मिलिमीटर. तरीहि एकाचा नट दुसऱ्यावर एकदोन फेरे फिरून अडकतो. बळजबरी केल्यास आटेच जातात. या अडवणुकीमागें सव्वाशें वर्षांचा इतिहास आहे.

१८४१ पूर्वीं इंग्लंडांत प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. यंत्र मोडलें कीं तें मूळ कारखान्याच्या दारीं न्यावें लागे. त्या सालीं मँचेस्टरचे यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनीं लंडनमध्यें यावर निबंध वाचला. अनेक कारखान्यांतील बोल्ट जमवून त्यांनीं मापांची सरासरी काढली आणि आट्याचा कोन ५५ अंश ठरविला. सर्वोत्तम माप शोधण्यापेक्षां सर्वांना पत्करेल असें माप देणें, हें त्यांचें खरें चातुर्य.

१८६४ सालीं फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनीं ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचविला. तो घडविण्यास व तपासण्यास सोपा होता. १८९८ मध्यें झुरिक येथील परिषदेनें हाच कोन घेऊन मिलिमीटरचीं मापें ठरविलीं. ब्रिटन मात्र ५५ अंशांवरच राहिलें.

त्याची किंमत दुसऱ्या महायुद्धांत कळली. रोल्स-रॉइसचें मर्लिन विमान-इंजिन अमेरिकेंत पॅकार्ड कारखान्यांत होऊं लागलें, तेव्हां ब्रिटिश आटे पाडण्याचीं हत्यारें पॅकार्डला स्वतः घडवावीं लागलीं. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनीं ६० अंशांवर तह केला. पण इंच कायम ठेवला. १९६५ मध्यें ब्रिटिश मानक संस्थेनें व्हिटवर्थ सोडून मेट्रिक आटे स्वीकारण्याचा सल्ला दिला. भारताचा मेट्रिक मापांचा कायदा त्याआधींच, १९५६ सालीं, झाला होता.

आतां 'एम् ८ × १.२५' हें चिन्ह सहज वाचतां येतें. एम् म्हणजे मेट्रिक, ८ ही आट्यांसकट बाहेरची जाडी, १.२५ हें दोन लगतच्या आट्यांमधील अंतर. हा नेहमींचा जाड आटा असल्यास शेवटचा आकडा बहुधा लिहीत नाहींत. पान्याचें माप मात्र बोल्टच्या डोक्यावरून ठरतें. ८ च्या बोल्टास सामान्यतः १३ चा पाना लागतो. अडीच सुती व्हिटवर्थ बोल्टावर एका इंचांत १८ आटे, म्हणजे अंतर १.४१ मिलिमीटर. जाडी जुळली, तरी अंतर आणि कोन जुळत नाहींत. नट अडतो तो तेथेंच.