वेदनाशामक अफूजन्य औषधे आणि त्यांच्या प्रतिकूल परिणामांवरील देखरेख

आजाऱ्यांना परमप्रसाद देण्यासाठी घरोघरी जात असताना एक दृश्य आमच्या नजरेस वारंवार पडते. कर्करोगाचा रुग्ण अंथरुणावर तळमळत असतो आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कपाटात तशाच पडून असतात. ‘‘फादर, त्याची सवय लागते म्हणतात’’, ‘‘फादर, त्याने श्वास थांबतो म्हणतात’’, असे घरची माणसे दबक्या आवाजात सांगतात. दुसऱ्या एखाद्या घरी गोळी वेळच्या वेळी दिली जाते. परंतु रुग्णाला आठवडाभर शौचास झालेले नाही, ही गोष्ट कोणीच डॉक्टरांच्या कानावर घातलेली नसते. दोन्ही घरांत माया असते, उणीव असते ती डोळस देखरेखीची. या औषधांविषयीच्या भीतीला खरे उत्तर म्हणजे औषध नाकारणे हे नसून, औषध देऊन त्याच्या परिणामांवर लक्ष ठेवणे हे होय. या दृष्टीने आवश्यक ती माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

औषधांची ओळख

अफूपासून मिळणाऱ्या अथवा तिच्याप्रमाणे कार्य करणाऱ्या औषधांना वैद्यकात ‘ओपिऑइड’ म्हणतात. मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन ही त्यांतील प्रचलित नावे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रीडरिश सर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने अफूची लागवड होते. मात्र १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातील किचकट परवान्यांमुळे आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळणे दीर्घकाळ दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधे ‘अत्यावश्यक अंमली औषधे’ म्हणून वेगळी काढून ही वाट काहीशी सुकर केली.

अपेक्षित परिणाम

बद्धकोष्ठता हा या औषधांचा सर्वांत सार्वत्रिक दुष्परिणाम आहे. इतर काही त्रास सवयीने कमी होतात, हा मात्र औषध चालू असेपर्यंत टिकतो. म्हणून पोट साफ होण्याचे औषध मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासूनच द्यावयाचे असते. ते लिहून दिले नसेल, तर डॉक्टरांना अवश्य विचारावे. मळमळ व गुंगी बहुधा पहिले काही दिवस राहून ओसरतात. तोंडाला कोरड पडणे, अंगाला खाज सुटणे, लघवी तुंबणे, विशेषतः वृद्धांमध्ये मनाचा गोंधळ उडणे, हेही परिणाम आढळतात.

सवयीविषयी एक भेद ध्यानी घ्यावा. दीर्घकाळ औषध घेतल्यावर ते एकाएकी बंद केल्यास घाम, अस्वस्थता, जुलाब असा त्रास होतो. हे शरीराचे अवलंबित्व होय. ते अपेक्षित आहे आणि मात्रा हळूहळू उतरवल्यास टळते. व्यसन म्हणजे हानी होत असतानाही औषधाची अनावर ओढ लागणे. व्यसनाचा धोका खोटा नाही. पूर्वी दारूचे वा अन्य व्यसन असलेल्यांत तो अधिक असतो, आणि म्हणून ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

धोक्याच्या खुणा

श्वसन मंदावणे हा सर्वांत गंभीर परिणाम होय. तो सहसा अचानक येत नाही. त्याआधी गुंगी वाढत जाते. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास घेत असेल, घशातून घरघर येत असेल, ओठ निळसर पडत असतील, तर पुढची मात्रा देऊ नये आणि तत्काळ डॉक्टरांशी किंवा १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेशी संपर्क साधावा. रुग्णालयात नॅलोक्झोन हे उतारा म्हणून दिले जाते. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे ही मात्र या औषधांची नेहमीची खूण आहे. केवळ तिच्यावरून घाबरून जाऊ नये.

मूत्रपिंडे दुर्बल असल्यास मॉर्फिनपासून शरीरात बनणारी द्रव्ये साचून राहतात. मग हातापायांना आचके बसतात, भास होतात. म्हणून लघवीचे प्रमाण घटल्यास ते कळवावे. झोपेच्या गोळ्या व मद्य यांच्यासोबत धोका वाढतो. ओपिऑइड व बेन्झोडायझेपिन गटातील झोपेच्या गोळ्या एकत्र घेण्याविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली कडक इशारा दिला. ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते, आणि नैराश्यावरील काही औषधांसोबत ते अपायकारक ठरते. फेंटानिलची पट्टी कातडीवर चिकटवलेली असताना तेथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण उष्णतेने औषध अधिक वेगाने शरीरात शिरते. तीव्र ताप आल्यासही डॉक्टरांना कळवावे. वापरलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असते. ती घडी घालून मुलांच्या हाती लागणार नाही अशी नष्ट करावी.

घरची नोंदवही

यासाठी एक साधी वही पुरेशी आहे. तीत औषध दिल्याची वेळ व मात्रा, शून्य ते दहा या मापाने रुग्णाने सांगितलेली वेदना, जागेपणी तो कितपत सावध होता, शौच व लघवी झाली की नाही, उलटी झाली का, आणि कोणते नवे औषध सुरू केले, एवढे लिहावे. रात्रीची जबाबदारी एकाची व दिवसाची दुसऱ्याची असली की अशी वही नसताना मात्रा दोनदा दिली जाण्याची भीती असते. मुंबईला टाटा स्मारक रुग्णालयात तपासणीस जाताना ही वही सोबत न्यावी. ‘बरे आहे’ या दोन शब्दांपेक्षा आठवड्याच्या नोंदींवरून डॉक्टरांना मात्रा अधिक अचूकपणे ठरवता येते.

देशव्यापी नोंद

घरातील वही एका रुग्णाचे रक्षण करते. अनेकांच्या नोंदी एकत्र आल्या की त्या सर्वांचे रक्षण करतात. २०१० साली भारतात औषधसतर्कतेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०११ पासून त्याचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. तेथील माहिती स्वीडनमधील उप्साला येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाच्या संग्रहात जाते. डॉक्टर, परिचारिका व औषधविक्रेते यांच्याप्रमाणे रुग्ण वा त्याचे नातेवाईकही अशी सूचना देऊ शकतात. त्यांच्यासाठी मराठीतही अर्ज उपलब्ध केलेला आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. रुग्णाचे नाव गुप्त राहते. औषधामुळेच त्रास झाला असे सिद्ध करावे लागत नाही, नुसता संशय पुरतो. आणि सूचना देणे म्हणजे डॉक्टरांविरुद्ध तक्रार करणे नव्हे.

अशा नोंदींचे मोल दाखवणारी उदाहरणे आहेत. डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफिन हे वेदनाशामक अनेक दशके सर्रास वापरले जात असे. त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते असे दिसून आल्यावर २०१० साली ते अमेरिकेत मागे घेण्यात आले आणि २०१३ साली भारत सरकारने त्यावर बंदी घातली. कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते. काहींच्या शरीरात जन्मतःच हे रूपांतर अतिवेगाने होते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही बालके दगावल्याचे नोंदींतून उघड झाले, आणि २०१७ साली अमेरिकेत बारा वर्षांखालील मुलांसाठी ते वर्ज्य ठरले.

नोंदींचा चुकीचा अर्थ लावल्यास काय होते, याचेही उदाहरण आहे. १९८० साली पोर्टर व जिक यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे पत्र लिहिले. रुग्णालयात अंमली वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांत व्यसन नोंदले गेले, असे त्यात म्हटले होते. हे रुग्ण देखरेखीखाली रुग्णालयात दाखल होते, ही गोष्ट पुढे विसरली गेली, आणि महिनोन्‌महिने घरी औषध घेणाऱ्यांनाही व्यसन जडत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्या पत्राचा ६०८ वेळा उल्लेख झाल्याचे २०१७ साली त्याच नियतकालिकात दाखवून देण्यात आले. अमेरिकेत ओपिऑइडच्या व्यसनाने घातलेल्या थैमानामागे हा गैरसमजही होता.

ख्रिस्तसभेची भूमिका

वेदना सोसणे हेच ख्रिस्ती कर्तव्य आहे, असे आपल्यापैकी काहीजण मानतात. ख्रिस्तसभेने तशी सक्ती कधीही केलेली नाही. पोप पायस बारावे यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांना उत्तर देताना, दुसरा उपाय नसल्यास अशा औषधांनी वेदना शमवणे, त्याने आयुष्य काहीसे घटण्याची शक्यता असली तरीही, योग्य असल्याचे स्पष्ट केले. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या परिच्छेद २२७९ मध्येही हीच शिकवण आहे. त्याच वेळी, गंभीर कारणावाचून मरणासन्न व्यक्तीची शुद्ध हरपू देऊ नये, असेही पोप महोदयांनी बजावले. कुटुंबाचा निरोप घेण्याइतकी, प्रार्थना करण्याइतकी शुद्ध राहावी आणि वेदनाही शमावी, हा समतोल मात्रेवर बारकाईने लक्ष ठेवल्यानेच साधतो. वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेल्या ‘शांती अवेदना सदन’ या देशातील पहिल्या शुश्रूषागृहाने अशा सेवेचा पायंडा पाडला.

अखेरीस एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. अंतिम घटकांत श्वास अनियमित होतो, मधूनच थांबतो. हा मृत्यूच्या प्रक्रियेचाच भाग असतो. त्याआधी गोळी भरवलेल्या मुलीच्या वा सुनेच्या मनात मात्र ‘माझ्याच हातून झाले का?’ हा सल वर्षानुवर्षे राहतो. असा सल उराशी बाळगणारी माणसे आम्हाला पापनिवेदनाच्या वेळीही भेटली आहेत. वेदनेच्या प्रमाणात योग्य मात्रा दिल्यास मॉर्फिनने मृत्यू अलीकडे ओढला जात नाही, असाच वैद्यकाचा अनुभव आहे. ज्या घरी वही लिहिलेली असते, त्या घरी डॉक्टर तिची पाने उलटून हे त्या मुलीला शांतपणे समजावून देऊ शकतात. आपल्या धर्मग्रामातील रुग्णसेवा मंडळांनी आजारी घरांना भेट देताना सोबत एक कोरी वही न्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे.