तापीकाठची हवा आणि इंजिनाचे माप

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात तापीच्या काठी वसलेले सारंगखेडा महाराष्ट्राला परिचित आहे ते एकमुखी दत्ताच्या यात्रेमुळे आणि दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या घोडेबाजारामुळे. पारखी गिऱ्हाईक घोड्याचे दात, अंगावरचे भोवरे आणि चाल पाहतेच. पण रपेटीनंतर त्याचा दम किती टिकतो, यावरही जनावराची किंमत ठरते. दोंडाईचा–शहादा रस्त्यावरच्या या गावी मोटार येऊ लागली, तेव्हा दम पारखण्याची हीच जबाबदारी एका नव्या कारागिराकडे, म्हणजे मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे आली. इंजिनाचा दमही अखेर ते किती हवा आत घेते आणि त्या हवेला साजेसे इंधन त्याला मिळते की नाही, यावरच अवलंबून असतो. हवा मोजणाऱ्या सेन्सरमध्ये आज केले जाणारे फेरफार हा त्या कारागिरीच्या इतिहासातला सर्वांत अलीकडचा भाग आहे आणि तो मागच्या भागांशिवाय नीट समजत नाही.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, म्हणजे साधारण १२ घनमीटर. हे प्रमाण वजनाचे आहे, आकारमानाचे नाही, आणि सगळी अडचण इथूनच सुरू होते. कारण सिलिंडर हवा घेतो ती आकारमानाने, आणि तेवढ्याच जागेतील हवेचे वजन मात्र तापमान व उंची यांनुसार बदलते. खानदेशात हा बदल फार ठळक आहे. यात्रेच्या दिवसांतील १० अंशांची पहाट आणि मे महिन्यातील ४४ अंशांची दुपार यांची तुलना केली, तर त्याच घनमीटरभर हवेचे वजन सुमारे ११ टक्क्यांनी घटलेले आढळते. तापीच्या सखल काठावरून सातपुड्यातील हजार मीटरहून उंच तोरणमाळला गेल्यावर, तापमान तेच धरले तरी, जवळजवळ तितकीच घट होते. एका जागी उभ्या असलेल्या गाडीला ऋतू जो फरक घडवतो, तोच धावत्या गाडीला घाट दोन-तीन तासांत घडवतो.

कार्बोरेटरच्या काळात या फरकाचा हिशेब कोणतेही उपकरण ठेवत नव्हते. कार्बोरेटर म्हणजे अरुंद गळ्याची नळी; तीतून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे दाब कमी होतो आणि बारीक छिद्राच्या जेटमधून पेट्रोल ओढले जाते. हवा विरळ झाली की तिच्या वजनाच्या मानाने पेट्रोल जास्त येते, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत मिश्रण 'रिच' होते, गाडी पेट्रोल पिते आणि प्लग काळे पडतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेली फियाट, जी पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेली, आणि महिंद्राची पेट्रोल जीप या गाड्यांवर मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्यांनी हात बसवला. स्क्रू पाव फेरा आत-बाहेर करणे, जेट बदलणे, इंजिनाचा आवाज ऐकणे आणि प्लग काढून त्याचा रंग वाचणे ही त्यांची साधने होती. तपकिरी प्लग म्हणजे ठीक, काळा म्हणजे इंधन जास्त, पांढुरका म्हणजे कमी, हे ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हते, तरी ते रसायनशास्त्राशी तंतोतंत जुळणारे होते, आणि या कारागिरांची नोंद तंत्रज्ञानाच्या इतिहासात फारशी घेतली गेली नाही ही मोठीच उणीव म्हटली पाहिजे. नदीकाठच्या शेतांवर पाणी उपसणाऱ्या डिझेल पंपांना मात्र या सगळ्याची गरज नव्हती, कारण डिझेल इंजिन मिळेल ती सर्व हवा घेते आणि त्याची ताकद केवळ इंधन कमी-जास्त करून ठरते.

हवा प्रत्यक्ष मोजण्याची सुरुवात जर्मनीत झाली. बॉश कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीसाठी जी इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली आणली, ती इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील, दाब मोजून हवेचा अंदाज बांधत असे. पुढे १९७० च्या दशकात हवेच्या झोताने हलणारी झडप आली, आणि १९८० च्या दशकात तापवलेल्या तारेचा सेन्सर. या तारेचे तापमान कायम राखण्यासाठी लागणारी वीज मोजली की तिला थंड करत जाणाऱ्या हवेचे वजनच कळते, आणि उंची व उष्मा यांचा हिशेब आपोआप त्यात येतो. त्या सेन्सरला 'मास एअर फ्लो' म्हणतात; दाब मोजणाऱ्याला 'मॅप' म्हणतात आणि त्याच्या जोडीला हवेचे तापमान सांगणारा आणखी एक सेन्सर लागतो.

भारतात हे तंत्र ग्राहकांच्या मागणीपेक्षा कायद्याच्या रेट्यामुळे अधिक वेगाने आले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये राजधानी परिसरासाठी युरो मानकांचा आदेश दिला, २००० पासून देशभर नवी उत्सर्जन मानके लागू झाली, आणि पेट्रोल गाड्यांच्या मागच्या काचेवर 'एमपीएफआय' ही इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणालीची अक्षरे दिसू लागली. खानदेशातील मिस्त्रीच्या हातातला स्क्रू यामुळे गेला. मिश्रण ठरवण्याचे काम आता बंद डब्यातल्या संगणकाकडे, म्हणजे ईसीयूकडे होते, आणि तो सेन्सर सांगेल तेच खरे मानत होता.

सेन्सरमधील फेरफार म्हणजे या विश्वासात केलेला हस्तक्षेप होय. तप्त तारेचा सेन्सर ज्या नळीत बसतो, ती नळी ६० ऐवजी ७० मिलिमीटर व्यासाची केली, तर तिचे क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच हवेसाठी तारेजवळचा वेग सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. इंजिन पूर्वीइतकीच किंवा थोडी जास्त हवा घेत असते, पण ईसीयूला ती कमी भासते. तो इंधन कमी सोडतो, आणि त्याहून धोक्याची गोष्ट अशी की भार हलका आहे असे समजून ठिणगी लवकर पाडतो. कमी इंधन आणि लवकरची ठिणगी यांतून नॉकिंग उद्भवते, म्हणजे ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण स्वतःहून भडकते आणि पिस्टनवर घाव बसतात. साध्या वेगात सायलेन्सरच्या वाटेवरील ऑक्सिजन सेन्सर ही चूक बरीचशी भरून काढतो, त्यामुळे गाडी सुरळीत चालते असे वाटते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मात्र ईसीयू त्याच्याकडे पाहत नाही आणि चूक पूर्णपणे उघडी पडते. तेल लावलेला 'ओपन' फिल्टर बसवल्याने तारेवर तेलाचा थर जमला, तरीही माप बिघडते.

मॅप सेन्सरच्या गाड्यांत, आणि भारतातील अनेक लहान गाड्या त्या प्रकारच्या आहेत, फिल्टर बदलल्याने फारसे काही साधत नाही. तिथे तापमान सेन्सरच्या तारेत स्वस्तातला रोधक जोडण्याची युक्ती चालते. हा सेन्सर थंडीत जास्त विद्युतरोध दाखवतो, म्हणून रोधक जोडताच ईसीयूला हवा आहे त्याहून थंड वाटते आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. सपाट रस्त्यावर पिकअप वाढल्यासारखा भासतो खरा, पण अनेक इंजिनांत हवा तापल्यावर ठिणगी मुद्दाम उशिरा पाडण्याची तरतूद असते, आणि रोधकाने तीच निकामी होते. ज्या प्रदेशात मे महिन्यात बॉनेटखालची हवा ६० अंशांपुढे सहज जाते, तिथे या संरक्षणाची सर्वाधिक गरज असते. खानदेशासाठी याहून अयोग्य फेरफार सुचवणे कठीण आहे.

जाणकार ट्यूनर नळी बदलतो तेव्हा ईसीयूमधील हवेचे कोष्टकही नव्याने लिहितो, आणि गाडी रोलरवर पूर्ण भाराखाली चालवून रुंद पट्ट्याच्या ऑक्सिजन सेन्सरने मिश्रण पडताळतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते आणि २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी वाहनमालकाला कैदेची किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. परंतु पीयूसीची तपासणी बिनभाराच्या इंजिनावर होत असल्याने पूर्ण भाराखालचे मिश्रण तिच्यात दिसतच नाही. ते कळण्याचा मार्ग मिस्त्रीच्या हाती पुन्हा आला आहे तो स्कॅनरच्या रूपाने: ईसीयू आपल्या हिशेबात किती टक्के इंधन सतत वाढवतो आहे, हा आकडा त्यावर वाचता येतो, आणि तो अधिक २० च्या आसपास दिसला की सेन्सरला न कळलेली हवा कुठून आत येते, याचा शोध नळीच्या क्लॅम्पपासून सुरू होतो.