खानदेशाचे हवामान आणि लोकजीवन

खानदेश हा महाराष्ट्राच्या उत्तर भागातील, तापी नदीच्या खोऱ्यात वसलेला प्रदेश आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांचा त्यात समावेश होतो. समुद्राचा सौम्य प्रभाव येथपर्यंत पोहोचत नसल्याने हवामान विषम आहे. मे महिन्यात ज्या गावात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, त्याच गावात जानेवारीच्या पहाटे तो १० अंशांच्या खाली उतरतो. अमळनेर, चोपडा, यावल, रावेर, पारोळा, शिंदखेडा, दोंडाईचा, साक्री अशा तालुक्याच्या व बाजाराच्या गावांतील दिनक्रम, घरबांधणी, आहार, सण आणि बाजारपेठ यांवर या विषमतेचा ठसा आहे. मात्र खानदेशाचे हवामान सर्वत्र सारखे नाही. पूर्व, मध्य व पश्चिम भागांत पावसाचे आणि पाण्याचे मान इतके वेगळे आहे की एकाच खोऱ्यातील गावांचे जगणे वेगवेगळ्या वळणांनी गेले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

खानदेशाच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळा डोंगररांगा आणि पश्चिमेस सह्याद्रीची टोके आहेत. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर व अनेर या तिच्या प्रमुख उपनद्यांपैकी आहेत. खोऱ्याचा तळ सखल असून जळगाव शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे २०० मीटर, तर धुळ्याची सुमारे २५० मीटर आहे. इंग्रजी अमलात हा सगळा मुलूख एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. ही विभागणी प्रशासकीय असली तरी हवामानाच्या दृष्टीने ती फारशी चुकीची ठरत नाही.

उन्हाळा

मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत खानदेशात कडक उन्हाळा असतो. भुसावळ व जळगाव ही राज्यातील सर्वाधिक तापमानाच्या ठिकाणांत नेहमी गणली जातात. याची कारणे अनेक आहेत. खोरे सखल आहे आणि या काळात वायव्येकडून येणारे वारे कोरडे असतात. पिके निघून गेल्यावर उघडी पडलेली काळी जमीन ऊन शोषून घेते. शिवाय हा प्रदेश २१ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास असल्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. तोपर्यंत कोकणात ढग जमू लागलेले असतात, पण खानदेशाचे आकाश बहुधा निरभ्र असते. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असेल, अथवा प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेले असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. जळगाव जिल्ह्यात यांपैकी दुसरा निकष पूर्ण होणे नवलाचे नाही.

या दिवसांत शेतमजुरीची वेळ बदलते. कामे पहाटे सुरू होऊन ऊन चढण्याआधी संपवली जातात. शाळा सकाळच्या होतात. दुपारी बारा ते चार या वेळेत लहान गावांतील बाजाराचा रस्ता ओस पडतो आणि खरेदी सायंकाळी उशिरापर्यंत चालते. डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. कैरीचे पन्हे, ताक व कांदा हे उन्हाळ्यातील नित्याचे पदार्थ आहेत. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, हा समज मात्र केवळ समजच आहे.

जुन्या घरांची रचना उन्हाला धरून झालेली आहे. जाड मातीच्या भिंती आणि लाकडी सऱ्यांवर माती अंथरून केलेले सपाट छत, म्हणजे धाबे, हे खानदेशी घराचे वैशिष्ट्य होय. जाड मातीमुळे दुपारची उष्णता आत उशिरा पोहोचते. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर पांढरी खारी माती पसरून गळती रोखली जाते. रात्री कुटुंबे याच धाब्यावर झोपत असत. आज त्या जागी सिमेंटची गच्ची आली आहे. काँक्रीटचे छत दिवसभर तापून रात्रभर उष्णता सोडत राहते. त्यामुळे कूलर ही चैनीची वस्तू न राहता गरज बनली आणि उन्हाळ्यातील वीज व पाणी या दोन्हींची मागणी वाढली. जुन्या रचनेचा हा गुण नव्या बांधकामात हरवला, असे म्हणावे लागते.

उन्हाची झळ बसते तसा त्याचा उपयोगही होतो. पापड, कुरडया, शेवया आणि ज्वारीचे बिबडे यांचे वाळवण याच काळात घालतात. एका घरच्या वाळवणासाठी गल्लीतील स्त्रिया एकत्र येतात आणि मग पुढच्या घराची पाळी येते.

आखाजी

अक्षय तृतीया, म्हणजे खानदेशातील आखाजी, ही ऐन उन्हाळ्यात येते आणि येथे तिला दिवाळीइतके महत्त्व आहे. या दिवसांत शेतीची कामे थंडावलेली असतात, हे त्याचे एक कारण आहे. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि गौराईची गाणी म्हटली जातात. पूर्वजांच्या स्मरणार्थ पाण्याने भरलेली मातीची घागर पूजतात आणि तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. तापी व गिरणेच्या उन्हाळी पात्रातील वाळूत डांगराचे वेल लावण्याची जुनी पद्धत आहे. खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे आणि आमरस हे आखाजीचे जेवण होय. शेतात वर्षाने काम करणाऱ्या सालदाराचा करार याच दिवशी संपतो आणि नवा ठरतो. म्हणूनच शेतकऱ्याच्या दृष्टीने आखाजी ही वर्षाची खरी सुरुवात असते.

पावसाळा आणि प्रदेशांतर्गत फरक

पावसाच्या बाबतीत खानदेशाचे तीन पट्टे पडतात. पश्चिमेकडील नवापूर, अक्कलकुवा व अक्राणी या डोंगराळ तालुक्यांत वार्षिक पाऊस १,००० मिलिमीटरच्या पुढे जातो आणि भातशेती होते. तेथून पूर्वेकडे आल्यावर धुळे व शिंदखेडा भागात तो ५०० ते ६०० मिलिमीटरपर्यंत घटतो, कारण हा भाग डोंगरांच्या पर्जन्यछायेत येतो. आणखी पूर्वेस जळगाव जिल्ह्यात पाऊस पुन्हा वाढून सुमारे ७०० मिलिमीटर होतो. बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन मध्य भारतावरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा लाभ या भागाला मिळतो.

कमी पावसाच्या मधल्या पट्ट्यात पाणी वाटून घेण्याची रीत फार पूर्वीच विकसित झाली. पांझरा व तिच्या शेजारच्या नद्यांवरील फड पद्धती ही सुमारे ३०० ते ४०० वर्षे जुनी सामुदायिक सिंचनव्यवस्था आहे. नदीवर दगडी बंधारा घालून पाटाने पाणी आणले जाते. लाभक्षेत्राचे तीन-चार फड पाडून एका फडात सर्व शेतकरी एकच पीक घेतात आणि पाण्याच्या उपलब्धतेनुसार कोणता फड भिजवायचा हे गाव ठरवते. पाटकरी, हवालदार व जागल्या हे त्यातील कामगार पाणी सोडणे, देखरेख व राखण करतात. उसाचा फड दरवर्षी एकाच जागी नसल्याने कोणाच्याही वाट्याला कायमचे सुख किंवा कायमची टंचाई येत नाही. नद्यांवर मोठी धरणे झाल्यावर आणि विहिरींवर पंप बसल्यावर या पद्धतीला उतरती कळा लागली.

शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल व रुंद करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधण्यात आले. हे काम पुढे ‘शिरपूर पॅटर्न’ या नावाने ओळखले गेले. साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने जंगल राखून पाण्याचा प्रश्न सोडवला. त्या कामाबद्दल चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

अवर्षणाच्या आठवणी या भागात खोल आहेत. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० या वर्षी पडलेला दुष्काळ ‘छपन्न्या’ म्हणून ओळखला जातो.

हिवाळा

पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये उकाड्याचे काही आठवडे जातात आणि मग थंडी पडते. सातपुडा उत्तरेचे थंड वारे पूर्णपणे अडवण्याइतका उंच नाही. हवा कोरडी व आकाश स्वच्छ असल्याने जमिनीतील उष्णता रात्री लवकर निघून जाते आणि थंड, जड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते. धुळ्यात किमान तापमान काही वर्षी ५ अंशांच्या आसपास उतरते. सातपुड्यातील तोरणमाळ व डाब परिसरात दवबिंदू गोठल्याचेही आढळते.

लोकांच्या दृष्टीने हा वर्षातील सर्वांत आनंदाचा ऋतू आहे. शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर हिरवी-पांढरी मोठी वांगी भाजून भरीत केले जाते. त्यासोबत ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी असते. यावल तालुक्यातील बामणोदची वांगी यासाठी प्रसिद्ध आहेत आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. काळ्या जमिनीतील ओलीवर येणारी दादर ज्वारीही याच ऋतूत वाढते.

नंदुरबारच्या मिरची बाजारासाठी हिवाळा निर्णायक असतो. ओली लाल मिरची शहराबाहेरील मोकळ्या पटांगणांत, म्हणजे पथारींवर, वाळत घालतात. क्षितिजापर्यंत लाल दिसणाऱ्या या पथारींवर हजारो हातांना काम मिळते आणि एका अवकाळी पावसाने ते थांबतेही.

केळी आणि तापमान

हवामान व अर्थकारण यांचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो रावेर, यावल व चोपडा या केळीच्या तालुक्यांत. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा सच्छिद्र पट्टा असून त्यात डोंगरावरून आलेले पाणी मुरते. या भूजलावर केळीचे क्षेत्र वाढले. पुढे ठिबक सिंचन व ऊतिसंवर्धित रोपे यांमुळे उत्पादनात मोठी भर पडली. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तथापि केळी हे दमट उष्ण हवेचे पीक आहे आणि खानदेशाचे हवामान तिला दोन्ही टोकांनी त्रास देते. कडाक्याच्या थंडीत वाढ थांबते, घड नीट बाहेर पडत नाही व पक्वता लांबते. मे महिन्यातील गरम वाऱ्याने पाने फाटतात आणि घड सटकतात. जूनच्या सुरुवातीच्या वादळात उभ्या बागा काही मिनिटांत आडव्या होतात. म्हणून बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताचे कुंपण लावतात. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत कमाल व किमान तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे सलग किती दिवस राहिले, यावर भरपाई अवलंबून असते. ही नोंद महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्रात होते. परिणामी एखाद्या अंशाचा फरक शेतकऱ्याला हजारो रुपयांचा पडतो आणि केंद्राची जागा योग्य आहे की नाही, हा गावागावांत वादाचा विषय होतो. पूर्वी थंडीची चर्चा शेकोटीभोवती होत असे. आता ती आकडे हातात घेऊन होते. दुसरीकडे, सततच्या उपशामुळे रावेर-यावल भागातील भूजलपातळी खोल गेली आहे.

वारा व ऊर्जा

पश्चिम खानदेशातील पठारांवर उन्हाळा व पावसाळ्यात जोराचे वारे वाहतात. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात देशातील मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांपैकी एक उभा आहे. याच तालुक्यात महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅट क्षमतेचा सौरऊर्जा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला.

इतर प्रदेशांशी तुलना

समुद्रापासून दूर असलेल्या शेतीप्रधान प्रदेशांत असे विषम हवामान अन्यत्रही आढळते. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील मका व सोयाबीन पिकवणारी लहान गावे हे त्याचे परिचित उदाहरण आहे. तेथे कठीण ऋतू हिवाळ्याचा असतो. बर्फामुळे माणसे घरात अडकतात आणि उन्हाळा कामाचा व मेळ्यांचा असतो. खानदेशात हे चक्र उलटे फिरते, कारण येथे घरात थांबवणारा ऋतू उन्हाळा आहे. गावाची ठेवण मात्र काहीशी सारखी आहे. तिकडे रेल्वेमार्गालगत धान्याची उंच कोठारे दिसतात, तर इकडे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील गावांत कापसाच्या जिनिंग व तेलाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. पुढे विप्रो या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीची सुरुवात १९४५ मध्ये अमळनेर येथील वनस्पती तेलाच्या कारखान्यापासूनच झाली.

भाषा व साहित्यातील प्रतिबिंब

अहिराणी व लेवा गणबोली या येथील बोलींत पाऊस, ऊन, पेरणी यांविषयी समृद्ध शब्दसंपदा आहे. जळगावजवळील आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या रचनांत शेती आणि ऋतू यांचे अनुभव केंद्रस्थानी आहेत. त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. जळगाव येथील विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.